पटावरचे रान आणि पटाबाहेरची रयत : 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २' या युद्धखेळाचा भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

सारांश

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात आणि ती सर्व सारखी असतात. डोंगर, नदी, रान, खिंड यांना तेथे स्थान नाही. युद्धखेळात भूप्रदेशाचा प्रवेश अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात झाला आणि विसाव्या शतकाच्या शेवटी तो जपानी व्हिडिओ गेममधून घराघरांत पोहोचला. 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २ : ब्लॅक होल रायझिंग' (२००३) हा हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तयार झालेला, पाळीपाळीने खेळायचा युद्धखेळ या परंपरेतील एक महत्त्वाचा टप्पा आहे. प्रस्तुत निबंधात या खेळातील भूप्रदेशाच्या कल्पनेची तुलना सतराव्या शतकातील भोर-वेल्हे परिसरातील प्रत्यक्ष युद्धाशी केली आहे. डोंगर, आडोसा, दृष्टी व रसद या चारही बाबतींत हा खेळ इतिहासाच्या जवळ येतो. मात्र त्या भूप्रदेशात राहणारी रयत तो पटाबाहेर ठेवतो, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : युद्धखेळ, बुद्धिबळ, भूप्रदेश, रसद, मावळ, राजगड, रयत, व्हिडिओ गेम

प्रस्तावना

पुणे-सातारा महामार्गावरील कामथडी-नसरापूरच्या परिसरात उभे राहिले की दख्खनच्या लष्करी इतिहासाचा एक मोठा नकाशा नजरेसमोर येतो. पूर्वेस पुरंदर, पश्चिमेस वेल्ह्याच्या दिशेने राजगड आणि तोरणा, दक्षिणेस नीरा नदी व तिच्या काठचे शिरवळ, आणि नैर्ऋत्येस भोरजवळचा रोहिडा. सपाट मुलूख आणि डोंगरी मुलूख यांची येथे गाठ पडते. मोठी फौज ज्या वाटेने येऊ शकते ती वाट, आणि ज्या डोंगरात शिरताच त्या फौजेचे बळ निम्मे होते तो डोंगर, ही दोन्ही येथून काही कोसांच्या अंतरात आहेत.

युद्धाचा इतिहास शिकवताना या भूरचनेचे महत्त्व विद्यार्थ्यांना सांगितले जाते. 'गनिमी कावा' हा शब्द तर शालेय पुस्तकांपासून परिचित आहे. तरीही डोंगर नेमका लढतो कसा, हे केवळ वर्णनाने समजत नाही. या ठिकाणी खेळांचा विचार उपयोगी पडतो, कारण खेळाला नियम असतात आणि नियम करताना प्रत्येक गोष्टीची किंमत ठरवावी लागते. डोंगराचे संरक्षण किती, नदी कोणी ओलांडायची, रानात लपलेला शिपाई किती अंतरावरून दिसायचा, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत दिल्याशिवाय युद्धखेळ तयार होत नाही. त्यामुळे युद्धखेळ हा त्याच्या कर्त्यांच्या युद्धविषयक समजुतीचा लेखी पुरावाच ठरतो आणि इतर ऐतिहासिक साधनांप्रमाणे त्याचेही परीक्षण करता येते.

उद्दिष्टे

१) बुद्धिबळापासून आधुनिक युद्धखेळापर्यंत भूप्रदेशाची कल्पना कशी बदलत गेली याचा आढावा घेणे.
२) 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २' या खेळाच्या नियमांतील भूप्रदेशाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) त्या नियमांची सतराव्या शतकातील मावळच्या युद्ध-अनुभवाशी तुलना करून खेळाच्या मर्यादा तपासणे.

१. सपाट पट : बुद्धिबळाची परंपरा

हत्ती, घोडे, रथ व पायदळ या चार अंगांच्या सेनेवरून 'चतुरंग' हे नाव आले. महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या ग्रंथपरंपरेत या खेळाला राजव्यवहाराच्या चर्चेत स्थान मिळालेले दिसते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावे असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचा समावेश आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठ भट्ट यांनी 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ रचला. हे घराणे मूळचे पैठणचे व नंतर काशीस स्थायिक झालेले. या ग्रंथातील 'नीतिमयूख' हा भाग राजनीतीविषयी आहे आणि त्यात बुद्धिबळाच्या खेळाचे वर्णन येते. राजनीती व युद्ध यांचे विवेचन करणाऱ्या ग्रंथकाराला हा खेळ विषयबाह्य वाटला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक मुंबईत इंग्रजीतून प्रसिद्ध झाले. मूळ संस्कृत रचनेतील डाव युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून त्यात मांडलेले होते. देशी आणि युरोपीय पद्धतींत प्यादे, राजा व वजीर यांच्या चालीसंबंधी फरक होते. नियम बदलला की जुना डाव नव्याने मांडावा लागतो, याचा हा जुना दाखला होय.

मात्र देशी असो वा युरोपीय, बुद्धिबळाचा पट सपाटच राहिला. प्यादे कोणत्याही घरात तितकेच दुबळे आणि हत्ती कोणत्याही घरात तितकाच बलवान. दोन्ही बाजूंचे मोहरे दोघांनाही दिसतात. मोहऱ्यांना दाणागोटा लागत नाही. बुद्धिबळ मनाला डावपेच शिकवते. परंतु रान, रसद आणि अज्ञात शत्रू या युद्धातील तीन मोठ्या अडचणी ते गृहीत धरत नाही. ज्या शतकात 'नीतिमयूख' लिहिला गेला त्याच शतकात सह्याद्रीच्या खोऱ्यांत या तिन्ही अडचणींचा शस्त्रासारखा वापर होत होता.

२. पटावर डोंगर आला : युरोपातील युद्धखेळ

ब्रन्सविक येथील हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाच्या आधारे एक नवा युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पटावर निरनिराळ्या रंगांची घरे असून ती डोंगर, पाणी, दलदल असा भूप्रदेश दर्शवीत. प्रशियात थोरल्या राइसविट्झ यांनी १८१२ च्या सुमारास असाच खेळ राजदरबारापुढे ठेवला आणि त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. हा खेळ चौकटींच्या पटाऐवजी १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर खेळला जाई. प्रत्येक पाळी दोन मिनिटांच्या युद्धाइतकी मानली जाई. नुकसान फाशांनी ठरे. खेळणारे आपले हुकूम पंचाला देत आणि जे दिसू शकते तेवढेच पंच त्यांना सांगे. प्रशियाच्या सेनाप्रमुखांनी या खेळाची शिफारस केली व तो सैन्याच्या शिक्षणात रुजला.

लष्करातून हा खेळ नागरी जीवनात आला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांनी खेळायच्या युद्धाचे नियम दिले. लुटूपुटूचे युद्ध खेळून पाहिले की खरे युद्ध किती मोठी चूक आहे हे कळते, असा त्यांच्या पुस्तकाचा रोख होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा पुठ्ठ्याच्या पटावरील खेळ विक्रीस आणला. संगणक आल्यावर पंचाचे काम त्याच्याकडे गेले. नुकसानीचे गणित, लपलेल्या सैन्याची नोंद व इंधनाचा हिशेब ही तीन कंटाळवाणी कामे यंत्र क्षणात करू लागले. जपानमध्ये १९८५ मध्ये 'दायसेनर्‍याकू' या संगणकीय खेळाने आधुनिक शस्त्रांच्या पाळीवार युद्धखेळांची परंपरा सुरू केली.

३. 'फॅमिकॉम वॉर्स'पासून उत्तरभागापर्यंत

जपानमधील निन्टेंडो या कंपनीसाठी इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने तयार केलेला 'फॅमिकॉम वॉर्स' हा खेळ ऑगस्ट १९८८ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. रेड स्टार व ब्ल्यू मून या दोन काल्पनिक सैन्यांमधील ते युद्ध होते. शहरे व कारखाने ताब्यात घ्यायचे, त्यांच्या उत्पन्नातून नवे सैन्य उभारायचे आणि शत्रूची राजधानी जिंकायची, ही त्याची चौकट पुढील सर्व भागांत कायम राहिली. १९९१ मध्ये हातातल्या यंत्रासाठी 'गेम बॉय वॉर्स' आला. तथापि २००१ पर्यंत या मालिकेतील एकही खेळ जपानबाहेर अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नव्हता.

मार्च २००१ मध्ये जपानमध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हे नवे यंत्र विक्रीस आले. त्याचा पडदा आडवा २४० व उभा १६० बिंदूंचा होता. युद्धखेळातील एक घर सोळा बिंदूंचे धरल्यास एका वेळी पंधरा गुणिले दहा, म्हणजे दीडशे घरे दिसत. बुद्धिबळाच्या पटाच्या दुपटीहून थोडा मोठा एवढाच तो तुकडा. उरलेला नकाशा सरकवून पाहावा लागे. या यंत्रासाठीचा 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स' १० सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि वाचकांना अपरिचित अशा या प्रकाराला तेथे मोठी मान्यता मिळाली.

त्याचा उत्तरभाग 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २ : ब्लॅक होल रायझिंग' जून २००३ मध्ये अमेरिकेत व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपात आला. जपानी खेळाडूंना मात्र हे दोन्ही भाग नोव्हेंबर २००४ मध्ये एकत्रच मिळाले. उत्तरभागाची कथा साधी आहे. पहिल्या भागात पराभूत झालेला स्टर्म हा सेनापती आपल्या ब्लॅक होल सैन्यासह पुन्हा येतो. ऑरेंज स्टार, ब्ल्यू मून, यलो कॉमेट व ग्रीन अर्थ ही चार राष्ट्रे आपापला मुलूख सोडवतात आणि शेवटी एकत्र येऊन त्याच्याशी लढतात. शेवटी स्टर्मचाच हॉक हा सरदार त्याच्यावर उलटतो.

उत्तरभागाने मूळ नियम मोडले नाहीत. निओटँक हा नवा अवजड रणगाडा, नवे सेनापती आणि प्रत्येक सेनापतीच्या विशेष शक्तीला दुसरी, अधिक प्रबळ पायरी ही त्यातील ठळक भर होती. परंतु ऐतिहासिक दृष्टीने खरा बदल भूप्रदेशात झाला. त्याचा विचार पुढे केला आहे.

४. खेळातील भूप्रदेशाचे नियम

या खेळात प्रत्येक घराला संरक्षणाच्या तारका असतात. रस्त्याला एकही तारका नाही, मैदानाला एक, रानाला दोन, शहराला तीन आणि डोंगराला चार. म्हणजे जेथे चाल सर्वांत वेगवान तेथे सैन्य सर्वांत उघडे, आणि जेथे चाल सर्वांत कठीण तेथे ते सर्वांत सुरक्षित. गाड्या व रणगाडे डोंगर चढू शकत नाहीत आणि नदी उतरू शकत नाहीत. ही दोन्ही कामे केवळ पायदळ करते.

दुसरा नियम दृष्टीचा. 'युद्धातील धुके' असलेल्या नकाशावर आपल्या सैन्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेरचे काही दिसत नाही. रानात दडलेली तुकडी शेजारच्या घरात गेल्याशिवाय उघड होत नाही. पायदळ डोंगरावर चढले की त्याच्या नजरेचा टप्पा तीन घरांनी वाढतो. पुढे जाणारी तुकडी लपलेल्या शत्रूवर आदळली तर तिची चाल तेथेच संपते व त्या पाळीत तिला काही करता येत नाही.

तिसरा नियम रसदीचा. तोफा व रणगाड्यांना मोजका दारूगोळा आणि सर्वांना मोजके इंधन असते. इंधन संपलेले विमान कोसळते. सैनिकवाहू चिलखती गाडी शेजारच्या तुकड्यांना रसद पुरवते. आपल्या शहरात मुक्काम केलेल्या तुकडीची भरपाई होते, मात्र त्यासाठी खजिन्यातून पैसा जातो. ताब्यातील प्रत्येक शहर पाळीगणिक एक हजारांचे उत्पन्न देते. पायदळाची एक तुकडी उभारण्याचा खर्च तेवढाच आहे. रणगाड्याला सात हजार आणि निओटँकला बावीस हजार लागतात. शहर ताब्यात घेण्याचे काम फक्त पायदळाला करता येते आणि पूर्ण बळाच्या तुकडीला त्यासाठी दोन पाळ्या लागतात. सर्वांत स्वस्त शिपाई हाच या खेळात मुलूख जिंकणारा एकमेव शिपाई आहे.

उत्तरभागाने या पायावर भूप्रदेशालाच शस्त्राचे रूप दिले. नकाशावर अनेक घरे व्यापणाऱ्या, जागेवरून न हलणाऱ्या प्रचंड तोफा आल्या. ओलांडता न येणाऱ्या नळांच्या लांबच लांब भिंती आल्या. त्या फक्त ठरावीक सांध्यांवर मारा करून फोडता येतात. क्षेपणास्त्रांची कोठारे आली. ती कोणाच्याही मालकीची नसतात आणि जे पायदळ आधी पोहोचेल त्याला एकदाच वापरता येतात. पहिल्या भागात जमीन सैन्याला आडोसा देत होती. दुसऱ्या भागात ती वाट अडवू आणि मारा करू लागली. नळांच्या भिंतीतील सांधा ही या नकाशांवरील खिंडच होय. ती कोणाच्या हाती आहे यावर डाव ठरतो.

एक तपशील विशेष बोलका आहे. खलनायक स्टर्मच्या सैन्याला, बर्फ नसेल तर, भूप्रदेशाचा अडथळा होत नाही. ज्या घरांत त्याच्या तुकड्या शिरू शकतात ती सर्व त्या सारख्याच वेगाने ओलांडतात. खेळाच्या कर्त्यांना सर्वांत भयंकर शत्रू कल्पायचा होता तेव्हा त्यांनी भूमी जुमानत नाही असा सेनापती कल्पिला. भूप्रदेश हा दुबळ्यांचा मित्र असतो, ही समजूत त्यामागे आहे.

५. मावळातील भूप्रदेश : इतिहासाची साक्ष

ही समजूत मावळच्या इतिहासाला अपरिचित नाही. १६४८ मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला तेव्हा शिवाजी महाराजांनी पुरंदरचा आश्रय घेतला. शिरवळच्या सुभानमंगळावर आणि बेलसरच्या मैदानातही त्या मोहिमेत लढाई झाली. १६५९ मध्ये अफझलखान वाईपर्यंत आला, तेव्हा मोकळ्या मैदानात त्याच्याशी गाठ न घेता त्याला जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी आणण्यात आले. १० नोव्हेंबरच्या भेटीनंतर त्याचे सैन्य त्या रानातच कोंडले गेले. फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखान कोकणात उतरत असता उंबरखिंडीत अडकला; पुढची व मागची वाट रोखली गेल्यावर त्याला शरण येणे भाग पडले. खिंडीचे दोन्ही सांधे शत्रूच्या हाती असले की फौजेचा आकडा निरुपयोगी ठरतो, हे तेथे दिसून आले.

खेळातील तीनही नियम या प्रसंगांना लागू पडतात. अवजड तोफखाना व मोठे घोडदळ घाटात अडते. हलके पायदळ डोंगर चढते. उंचावरून दूरवर दिसते. खालच्याला रानातले काही दिसत नाही. रसदीची वाट तुटली की मोठी फौज लहान फौजेपेक्षा आधी उपाशी पडते. राजगड सुमारे पाव शतक राज्याचे मुख्य ठिकाण राहिला, त्यामागे या तिन्ही गोष्टी होत्या. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही दुर्गांना राज्याचा मुख्य आधार मानून त्यांची जागा, पाणी, दारूगोळा व साठवण यांचा काटेकोर विचार केलेला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने राजगडासह बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. केवळ वास्तूंची नव्हे तर भूप्रदेशाची नोंद व्हावी, हे त्या नावातच स्पष्ट आहे.

६. पटाबाहेरची रयत

येथपर्यंत खेळ आणि इतिहास बरोबर चालतात. १६६५ च्या घटनांपाशी मात्र त्यांची वाट वेगळी होते. मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी पुरंदरास वेढा घातला. वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे कामी आले, तरीही पुरंदर लढत होता. जयसिंगांनी केवळ किल्ल्यावर भिस्त ठेवली नाही. दाऊदखानाच्या फौजेला रोहिडा व राजगडाच्या परिसरात पाठवून गावे जाळण्यात आली, पिके व गुरे यांचा नाश करण्यात आला. आजच्या भोर-वेल्ह्याचाच हा मुलूख होय. डोंगराची ताकद डोंगरात नसून त्याच्या पायथ्याच्या गावांत आहे, हे या अनुभवी सेनापतीने ओळखले होते. धान्य, वैरण, बातमी, वाटाडे आणि शिपाई हे सर्व त्या गावांतूनच वर जात असे. जून १६६५ मध्ये तह झाला. तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा राहिले. राहिलेल्यांत राजगड व तोरणा होते.

या घटनेला 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २'च्या नियमांत जागा नाही. तेथील शहर म्हणजे तीन तारकांचा आडोसा, एक हजारांचे उत्पन्न आणि भरपाईचा मुक्काम. ते एका सैन्याकडून दुसऱ्याकडे दहा वेळा गेले तरी त्याचे उत्पन्न कमी होत नाही. ते जळत नाही, ओस पडत नाही, कोणाची बाजू घेत नाही. सेन्सेई या वृद्ध सेनापतीची विशेष शक्ती वापरली की त्याच्या मोकळ्या शहरांतून पायदळाच्या तुकड्या प्रकट होतात. शहरात माणसे असल्याची ही जवळजवळ एकमेव खूण आहे. आणि तेथेही माणूस दिसतो तो शिपाई म्हणूनच.

मावळात तसे नव्हते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी रोहिडखोऱ्यातील कारीचे देशमुख कान्होजी जेधे यांच्यापुढे वतन राखायचे की महाराजांच्या बाजूस राहायचे असा प्रश्न उभा राहिला आणि त्यांनी वतनावर पाणी सोडण्याची तयारी दाखवली. येथे 'शहर ताब्यात घेणे' ही दोन पाळ्यांची क्रिया नव्हती; एका घराण्याचा व त्याच्यामागे असलेल्या गावांचा तो निर्णय होता. आणि हा निर्णय कायमचा गृहीत धरता येत नसे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीस असलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले शिवकालीन पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणा व वैरण आधीच उधळली तर सैन्य कुणब्यांच्या घरात शिरेल, मग रयतेला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा इशारा त्यात दिलेला आहे. जळती वात उंदराने नेली तर वैरण पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते.

रसदीचा विचार खेळातही आहे आणि पत्रातही आहे. खेळात रसद संपली तर तुकडी थांबते. पत्रात रसद संपली तर रयत दुरावते आणि राज्याचा पाया खचतो. या दोन हिशेबांतील फरक हा खेळ आणि इतिहास यांतील फरक आहे.

हा खेळाचा दोष म्हणावा काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रत्येक खेळ काही तरी वगळूनच खेळ होतो. बुद्धिबळाने डोंगर वगळला म्हणून चौसष्ट घरांत अगणित डाव सामावले. 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २'ने रयत वगळली म्हणून मुलांना तो निःशंक मनाने खेळता येतो; त्यातील टवटवीत रंग, हसरे सेनापती आणि रक्ताचा अभाव ही त्याच निवडीची अंगे आहेत. गावे जाळणे ही फायद्याची खेळी ठरेल असा नियम कोणी केला, तर तो इतिहासाला अधिक जवळचा होईल. पण मग त्याला खेळ म्हणणे कठीण जाईल. म्हणून वगळणे आक्षेपार्ह नाही. वगळलेले विसरणे मात्र आक्षेपार्ह आहे.

७. पटात शिरलेले जग

पटाबाहेर ठेवलेले जग या मालिकेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आत आले. पहिला भाग अमेरिकेत प्रसिद्ध झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्क व वॉशिंग्टनवर हल्ले झाले. युरोपातील प्रकाशन जानेवारी २००२ पर्यंत लांबले, आणि जपानमध्ये तर खेळ तीन वर्षे आलाच नाही. उत्तरभाग अमेरिकेत आला तेव्हा इराकमधील युद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते. दोन्ही भागांची नवी आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये येणार होती; ती प्रथम ८ एप्रिल २०२२ पर्यंत पुढे गेली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि मार्चमध्ये जगातील घडामोडींचे कारण देऊन कंपनीने प्रकाशन बेमुदत पुढे ढकलले. या खेळाच्या पहिल्या भागाचा आरंभ शेजारी राष्ट्राच्या आक्रमणाने होतो आणि आक्रमक ब्ल्यू मून सैन्याचा पेहराव रशियाची आठवण करून देतो. नवी आवृत्ती अखेर २१ एप्रिल २०२३ रोजी प्रसिद्ध झाली.

नियमांत या काळात काहीच बदलले नव्हते. तीन तारकांचे शहर तीन तारकांचेच होते. बदलला होता तो पाहणारा. रोजच्या बातम्यांत जळती शहरे दिसू लागली की पटावरील शहर निव्वळ आडोसा राहत नाही, याची जाणीव खुद्द विक्रेत्यालाच झाली. वेल्स यांनी १९१३ मध्ये ज्या अंतराकडे लक्ष वेधले होते, ते अंतर शंभर वर्षांनंतरही तसेच होते.

निष्कर्ष

१) बुद्धिबळाच्या सपाट पटावर नसलेला भूप्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील युद्धखेळांत आला. संगणकाने पंचाचे काम हाती घेतल्यामुळे हा गुंतागुंतीचा खेळ हातात मावणाऱ्या यंत्रापर्यंत पोहोचला.

२) 'अ‍ॅडव्हान्स वॉर्स २'ने मूळ नियम कायम ठेवून भूप्रदेशाला आडोशाकडून शस्त्राकडे नेले. उत्तरभाग म्हणून त्याचे वेगळेपण या बदलात आहे.

३) डोंगर, दृष्टी, रसद आणि खिंड यांविषयीचे त्याचे नियम सतराव्या शतकातील मावळच्या युद्ध-अनुभवाशी जुळतात. हे घटक विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी अशा खेळाचा वर्गात साधन म्हणून उपयोग करता येईल.

४) तथापि १६६५ ची मोहीम दाखवते की मावळातील युद्धाचा निर्णय केवळ डोंगरावर नव्हे, पायथ्याच्या गावांतही होत होता. हा घटक खेळात नाही. म्हणून खेळ वापरणाऱ्या शिक्षकाने डाव संपल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारला पाहिजे : ताब्यात घेतलेल्या त्या शहरात कोण राहत होते?

कामथडीच्या परिसरातून राजगडाकडे पाहणाऱ्याला प्रथम बालेकिल्ल्याचा कडा दिसतो. युद्धखेळ त्या कड्याची किंमत चार तारका ठरवील आणि ती रास्तच असेल. कड्याखालच्या शिवारांची किंमत मात्र कोणत्याही पटावर लिहिलेली नाही. ती दाऊदखानाच्या फौजेला ठाऊक होती, चिपळूणच्या पत्राला ठाऊक होती, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती लक्षात ठेवणे आवश्यक आहे.